वॉर्साचें जुनें शहर व त्याचीं कागदपत्रें

पोलंदची राजधानी वॉर्सा येथील जुनें शहर आज दिसतें तें बहुतांशीं १९४५ नंतरचें होय. १९४४ च्या उठावानंतर जर्मन सैन्यानें तें पद्धतशीर उद्ध्वस्त केलें. पुनर्रचनेस मुख्य आधार झाला तो कागदांचा. तेथील तंत्रविद्यापीठांत युद्धापूर्वीं जुन्या इमारतींचे मोजणीचे नकाशे तयार झाले होते. ते पिओत्रकूव येथील मठांत लपविल्यामुळें वांचले. अठराव्या शतकांतील बेलोत्तोचीं चित्रेंही कामीं आलीं. मात्र हा चित्रकार दृश्यांत पदरचे फेरफार करी, सबब केवळ त्यांवर विसंबणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. असो. १९५३ सालीं चौक पुन्हा उभा राहिला व १९८० सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत स्थान दिलें. क्रासिन्स्की ग्रंथालयांतील हस्तलिखितें मात्र १९४४ च्या ऑक्टोबरांत जाळण्यांत आलीं. त्यांपैकीं ज्यांची नक्कल कोठेंच नव्हती, त्यांचा पाठ आतां मिळत नाहीं.