बर्फ गार करतो, निर्जंतुक करत नाही

ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरच्या बिअरला केंद्रीय करातून सूट मिळाली. तेव्हापासून हा छंद तिथे चांगलाच फोफावला. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर करणे हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, हे आधीच सांगितलेले बरे.) या मंडळींची सगळ्यात मोठी कसोटी असते ती उकळता काढा निववताना.

मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या गोड काढ्याला 'वर्ट' म्हणतात. तो हॉप्सच्या फुलांसह तासभर उकळतात, मग साधारण २० अंशांवर आणून त्यात यीस्ट सोडतात. काढा फार गरम असेल तर यीस्ट मरते. नुसता ठेवून दिला तर निवायला रात्र जाते आणि ६० अंशांच्या खाली आलेले गोड, कोमट पाणी म्हणजे जंतूंना मेजवानीच. यीस्टच्या आधी ते पोचले की बिअर बिघडली.

म्हणून घरचा बर्फ. तो इतका प्रभावी का, याचा उलगडा १७६०च्या दशकात ग्लासगोत जोसेफ ब्लॅक यांनी केला. ते स्वतः डॉक्टर होते. बर्फ वितळताना तापमान न वाढता भरपूर उष्णता शोषतो. हीच सुप्त उष्णता. एक किलो बर्फ नुसता वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी काढली तर एक लिटर पाणी ८० अंशांवरून शून्यावर येईल. दहा लिटर उकळत्या पाण्यात शून्य अंशाचे दहा लिटर पाणी ओतले तर मिश्रण ५० अंशांवर येते. त्याऐवजी दहा किलो बर्फ घातला तर सुमारे १० अंशांवर!

पण घरच्या फ्रीजरमध्ये दहा किलो बर्फ कुठून असणार? म्हणून जाणकार पातेले आधी नळाच्या पाण्यात ठेवतात आणि ते पाणी बदलत राहतात. सुरुवातीला तापमानातला फरक मोठा असल्याने उष्णता झपाट्याने जाते. काढा चाळीसच्या आसपास आला की नळाचे पाणी थकते. बर्फ तेव्हा काढायचा. आधीच टाकला तर काही मिनिटांत संपतो.

काही जण मात्र काढा दाट ठेवून बर्फ थेट पातेल्यात घालतात. पाण्याची भरही पडते. धोका इथे आहे. गोठल्याने जंतूंची वाढ थांबते, पण सगळे मरत नाहीत. साल्मोनेला, ई. कोलाय, 'अ' कावीळीचा विषाणू बर्फात तग धरतात. मासळीशेजारच्या उघड्या ट्रेमधले चार खडे तासाभराच्या उकळीवर पाणी फिरवू शकतात. बर्फ आत घालायचाच असेल तर पाणी उकळून, स्वच्छ झाकणाच्या डब्यात गोठवलेले हवे आणि खडे हाताने नव्हे, चिमट्याने उचलावेत.

गंमत म्हणजे बिअरमध्ये अल्कोहोल, आम्लता आणि हॉप्स असल्यामुळे रोगजंतू सहसा वाढत नाहीत. बिघडते ती चव. (हे बिअरला आरोग्याचे प्रमाणपत्र नव्हे.) उसाच्या रसाला किंवा ताकाला हॉप्स आणि अल्कोहोलचे हे कवच नसते. खाण्यासाठी नसलेला बर्फ निळा असावा, असा नियम महाराष्ट्रात २०१८ साली आला तो यासाठीच. पण पांढरा दिसला म्हणून बर्फ शुद्ध ठरत नाही.

काढा निववण्याची ही रीत आपल्या स्वयंपाकघरात मात्र उपयोगी आहे. तांदळात बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू असतात. ते उकळीतही टिकतात आणि मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेल्या कोमट भातात जागे होतात. त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. उलट्या त्यामुळेच होतात. उरलेला भात परातीत पसरून निववावा. खिरीचे पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळावे, बर्फ बाहेरच राहू द्यावा, आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे.