अंगणातील कारंजे आणि पंपाची निवड

तंजावूर येथे १६७६ ते १८५५ अशी जवळजवळ एकशे ऐंशी वर्षे भोसले घराण्याची सत्ता होती. मराठे तेथे पोहोचण्यापूर्वीच नायक राजवटीत शहराच्या पाण्याची उत्तम व्यवस्था झालेली होती. सेवप्पा नायकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलावाचे पाणी भूमिगत वाटेने बृहदीश्वर मंदिराशेजारील शिवगंगा तलावात येत असे आणि तेथून ते शहरातील तळ्याविहिरींकडे जाई. ही सारी यंत्रणा केवळ उतारावर चालत असे. पुण्यातही १७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालील नळाने शहरात व शनिवारवाड्यात आणले गेले. वाड्यातील कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे प्रसिद्धच आहे. (नाव हजारी असले, तरी त्यातील तोट्या दोनशेच्या आसपास आहेत.)

या दोन शहरांत एक मोठा भेद आहे. कात्रज पुण्यापेक्षा बरेच उंचावर आहे. तंजावूर मात्र कावेरीच्या सपाट खोऱ्यात वसले आहे. अशा सपाटीवर उताराचे पाणी तळ्यात पोहोचते, परंतु हवेत उंच उसळत नाही. पाण्याला उसळण्यासाठी जी उंची लागते, तिला जलदाब उंची किंवा बाजारातील शब्दांत ‘हेड’ म्हणतात. जेथे निसर्ग हे हेड देत नाही, तेथे ते पंपाकडून विकत घ्यावे लागते. तंजावूरच्या जुन्या घरांतील मोकळ्या चौकात, ज्याला तेथे ‘मुट्रम’ म्हणतात, किंवा नव्या बंगल्याच्या परसात छोटे तळे करून त्यात कारंजे बसविण्याची हौस असणाऱ्याने म्हणूनच प्रथम हेडचा विचार करावा. पंपाच्या अश्वशक्तीचा विचार त्यानंतर यावा.

प्रत्यक्षात मात्र नेमके उलटे घडते. छतावरील टाकी भरण्यासाठी आणलेला अर्ध्या अश्वशक्तीचा जुना पंप घरात पडून असतो, तोच कारंज्याला जोडला जातो. हा पंप पाणी दोन-तीन मजले चढविण्यासाठी घडविलेला असतो. त्याला एक मीटर उंचीच्या कारंज्यावर जुंपले की पाणी तळ्याबाहेर उडू लागते. मग मध्ये व्हॉल्व्ह बसवून प्रवाह आवळला जातो, म्हणजे विजेचे पैसे मोजून निर्माण केलेला दाब त्या व्हॉल्व्हमध्येच वाया घालविला जातो.

एक उदाहरण घेऊन हिशेब मांडणे सोयीचे होईल. समजा, तळे तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद व ६० सेंटिमीटर खोल आहे. त्यात ३.६ घनमीटर, म्हणजेच ३,६०० लिटर पाणी मावते. कारंजे मधोमध ठेवल्यास जवळचा काठ एक मीटरवर येतो. पाण्याचा फवारा काठाच्या अंतरापेक्षा उंच नसावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. वाऱ्याची जागा असेल तर तो आणखी कमी ठेवावा. हा संकेत केवळ शोभेचा नाही. शंभर लिटर उसळलेल्या पाण्यातील एकच लिटर वाऱ्याने काठाबाहेर पडले असे धरले, तरी ताशी १,८०० लिटर पाणी फिरविणारे कारंजे दिवसाला ४३२ लिटर गमावते. आठ-नऊ दिवसांत एवढे तळे रिकामे होईल. उन्हाळ्यात या जागी रोज सहा मिलीमीटर बाष्पीभवन धरल्यास आणखी ३६ लिटर जातात, परंतु उडून जाणाऱ्या पाण्यापुढे ते काहीच नव्हे.

या तळ्यासाठी फवाऱ्याची कमाल उंची एक मीटर ठरली. गुरुत्वाकर्षणाच्या नियमानुसार एक मीटर उसळण्यासाठी पाण्याने तोटीतून सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने बाहेर पडावे लागते. तोटीचे छिद्र सहा मिलीमीटरचे असेल तर ताशी सुमारे ४५० लिटर, आठ मिलीमीटरचे असेल तर ८००, आणि दहा मिलीमीटरचे असेल तर १,२५० लिटर पाणी लागते. छिद्रातील लहानसा फरक पाण्यात केवढा फरक घडवितो, हे यावरून ध्यानी येईल. तोटी तीच ठेवून उंची दुप्पट करू गेल्यास पाणी दीडपटीच्या जवळ जाते, आणि पंपावरचा भार जवळजवळ तिप्पट होतो.

तळ्यात मासे असतील तर आणखी एक गरज उत्पन्न होते. सर्व पाणी साधारणतः दोन तासांत एकदा फिरावे, म्हणजे या तळ्यासाठी ताशी १,८०० लिटर. त्यातील ८०० लिटर आठ मिलीमीटरच्या तोटीला द्यावे व उरलेले हजार लिटर गाळणीतून फिरवून एखाद्या गोमुखातून पुन्हा तळ्यात सोडावे. आता हेडचा हिशेब: तोटी पाण्याच्या पातळीपासून १५ सेंटिमीटर वर, फवारा एक मीटर, आणि नळी, वळणे व तोटी यांतील घर्षणासाठी सुमारे ३५ सेंटिमीटर, एकूण दीड मीटर. नळीच्या बाबतीत काटकसर करू नये. प्रवाह तोच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला तर घर्षण सुमारे तीसपट वाढते. २५ मिलीमीटरची नळी येथे योग्य ठरेल.

तेव्हा दुकानात मागावयाचा पंप हा ‘दीड मीटर हेडला ताशी १,८०० लिटर’ देणारा, पाण्यात बुडवून ठेवण्याचा पंप होय. खोक्यावर मात्र हा आकडा छापलेला नसतो. तेथे असतात दोन कमाल आकडे: ‘एच-मॅक्स’ व ‘क्यू-मॅक्स’. एच-मॅक्स म्हणजे ज्या उंचीवर पाणी पोहोचते पण वाहत नाही ती उंची, आणि क्यू-मॅक्स म्हणजे उंची शून्य असताना मिळणारे पाणी. हे दोन्ही एकाच वेळी कधीही मिळत नाहीत. बहुतेक ग्राहक फसतात ते येथेच. कमाल हेड दीड मीटर असलेला पंप घेतल्यास या कारंज्याचा फवारा ठरलेल्या एक मीटर उंचीपर्यंत पोहोचणारच नाही. एच-मॅक्स तीन मीटर व क्यू-मॅक्स तीन हजार लिटरच्या आसपास असलेला पंप निम्म्या उंचीवर साधारणपणे हवे तेवढे पाणी देतो. उत्पादकाने दिलेला आलेख मिळाल्यास तोच प्रमाण मानावा. शंका राहिल्यास नळी दीड मीटर उंच धरून १५ लिटरची बादली भरावी. ती ३० सेकंदांत भरली तर पंप पुरेसा आहे.

असा पंप ४० ते ५० वॅट वीज घेतो. ४५ वॅटचा पंप महिनाभर अहोरात्र चालला तरी सुमारे ३२ युनिट होतात. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप ५५० वॅट ओढतो असे धरले, तर तो रोज केवळ चार तास चालवूनही महिन्याला ६६ युनिट होतात. घरगुती विजेची आकारणी टप्प्याटप्प्याने वाढत असल्याने ही अधिकची युनिटे वरच्या दराने मोजावी लागतात. ‘घरचाच पंप आहे, फुकटात काम झाले’ ही समजूत काही महिन्यांतच महाग पडते.

मोठा पंप महाग पडतो म्हणून तो थोडाच वेळ चालविला जातो, आणि तो वेळ बहुधा पाहुण्यांच्या सोयीचा, म्हणजे संध्याकाळचा असतो. माशांची निकड वेगळी आहे. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलीग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांला तो साडेसातपर्यंत उतरतो. रात्री वनस्पती व शेवाळही प्राणवायू वापरीत राहतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. तंजावूरच्या मे महिन्यात रात्री पंप बंद ठेवणाऱ्याच्या तळ्यात सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकताना दिसतात, कधी उलटे तरंगताना. लहान पंप रात्रभर चालविणे परवडते, हा त्याचा खरा लाभ आहे. वीज खंडित होत असल्यास इन्व्हर्टरवरही तो सहज चालतो.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. पाण्यातील पंपाच्या जोडणीवर ३० मिलीअँपिअरचा गळती-रोधक स्विच असलाच पाहिजे, अर्थिंग तपासलेले असावे, आणि वायरीचा जोड पाण्यात कदापि ठेवू नये. मुले खेळत असतील तेथे १२ व्होल्टचा पंप अधिक श्रेयस्कर. पाण्याची पातळी घटून पंप कोरडा चालला तर तो जळतो, कारण त्याला थंडावा व वंगण पाण्याचेच असते. त्यासाठी तो तळाशी, पण गाळापासून वर, विटेवर ठेवावा.

बोअरवेलच्या पाण्याने तोटीच्या छिद्रात क्षार साचतात व फवारा तिरपा उडू लागतो. अशा वेळी पंप बदलण्याची घाई न करता तोटी रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजत ठेवावी. तंजावूरला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. म्हणून पंपाची जाळी व गाळणी यांची वार्षिक सफाई तेथे सप्टेंबरात करावी, आणि जादा पाणी निघून जाण्याची वाटही त्याच वेळी तपासून घ्यावी.