सेल चालू असताना कुपन चालतं का?

हैदराबादमधल्या काचीगुड्यातल्या मराठी घरांत गुढीपाडवा आणि शेजारच्या तेलुगू घरांत उगादी, दोन्ही एकाच दिवशी. त्या आठवड्यात किराणा दुकानांत सेल लागतो, मोबाइलवर कुपनचे कोड येऊन पडतात, आणि एक समज हमखास कानावर येतो: सेलच्या मालावर कुपन चालत नाही.

हे सरसकट खरं नाही. आधी पाहायचं ते सूट कुणाच्या खिशातून येते. पाकिटावर छापलेली ‘10 रुपये कमी’ ही सूट सहसा कंपनीची असते, फळीवरचा सेलचा भाव दुकानाचा, तर कार्डावरची सवलत बहुधा बँकेची. खिसे वेगळे असतील तर सवलती एकावर एक मिळू शकतात. दोन्ही दुकानाच्याच असतील तर बहुतेक वेळा एकच मिळते. अमेरिकेत कंपनीचं कुपन दुकानाच्या सेलवरही चालतं, कारण कुपनाचे पैसे कंपनी दुकानदाराला भरून देते. इथे मोबाइलवर येणारं कुपन मात्र बहुधा दुकानाचंच असतं. तिकडे राहणाऱ्या मुलांनी सांगितलेल्या युक्त्या म्हणूनच इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. अटींत ‘इतर सवलतींसोबत लागू नाही’ असं असेल, तर विषय तिथेच संपतो. ऑफिसातून मिळणारं जेवणाचं कार्ड मात्र सूट नव्हे, ते पैसेच आहेत. ते स्वीकारणाऱ्या दुकानात सेलच्या खाद्यपदार्थांचं बिलही त्यातून भरता येतं.

20 टक्के आणि 10 टक्के मिळून 30 होतात, हाही गैरसमजच. हजाराचे आधी 800 होतात, मग 720. म्हणजे सूट 28 टक्के. कुपन 100 रुपयांचं असेल तर क्रमालाही महत्त्व येतं. सेलनंतर वजा केलं तर 700 भरायचे, आधी वजा केलं तर 720. ‘किमान खरेदी 999’ ही अट सूट वजा जाता मोजतात की आधी, हे रांगेत उभं राहण्यापूर्वीच विचारा. अट गाठण्यासाठी नको असलेली बिस्किटं घेतली तर कुपनाचा फायदा उरतच नाही.

मोठं पाकीट स्वस्तच पडतं असंही नाही. 800 ग्रॅम 120 रुपयांना म्हणजे ग्रॅमला 15 पैसे. 500 ग्रॅम 70 ला म्हणजे 14 पैसे. पाकिटावर एमआरपीजवळ ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापलेला असतो, पण तो एमआरपीवरून काढलेला. सेलचा भाव आपणच वजनाने भागायचा. पोहे, रवा, डाळी जास्त लागणार असतील तर बेगम बाजारातला घाऊक भावही विचारून घ्यावा. तिथे कुपन नसलं तरी किलोचा भाव कमी असू शकतो.

‘सूट दिलीय, कर वेगळा’ हे ऐकून घेऊ नका. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, आणि सूट देऊन वर कर लावण्याची पद्धत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2017 मध्ये अनुचित ठरवली. सेलचा माल सदोष निघाला तर तोही परत घ्यावा लागतो. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती 30 दिवसांची आहे. दुकानदाराने नकार दिला तर बिल हाताशी ठेवून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.