गाणें संपल्यानंतरचा वाद

संक्रांत होऊन पांचसहाच दिवस झाले होते. सन 2025 च्या जानेवारींतील ही गोष्ट. तिळगुळाच्या निमित्तानें आलेला माझा भाचा रात्रीं पंक्तीस होता, आणि माझ्या धाकट्या बंधूंची कन्या आदल्या दिवशीं नवी मुंबईस ऐकलेल्या गाण्याचें वर्णन करीत होती. नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर 'कोल्डप्ले' या इंग्लंडांतील रॉक मंडळीचे 18, 19 व 21 या तारखांस तीन जलसे ठरले होते. त्यांतील रविवारचा जलसा तिनें ऐकला होता. घसा पार बसला होता, तरी बोलणें आटोपत नव्हतें. हजारों श्रोत्यांच्या मनगटांवरील दिवे एकदम निळे कसे झाले, लगेच पिवळे कसे झाले, शेजारची अनोळखी मुलगी हिचा हात धरून कशी रडली, हें सर्व ती हातांतला घांस तसाच धरून सांगत होती.

भाचा तिशींतला. तोही रॉकचाच षौकीन. परंतु पंथ निराळा. त्याची निष्ठा 'इंडी' संगीतावर. 'इंडिपेंडंट' या शब्दाचें हें लघुरूप. चित्रपटांच्या किंवा बड्या ध्वनिमुद्रिका-कंपन्यांच्या आश्रयावांचून स्वतःच्या हिमतीवर गाणीं रचून गाणाऱ्या मंडळींस तें लावतात. त्याच्या मतें दीडदोनशे माणसांच्या खोलींत, गाणाराचा श्वास ऐकूं येईल इतक्या जवळून ऐकलें तरच तें ऐकणें. बाकी सर्व जत्रा. दिल्लीच्या 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी' या मंडळीचा 'बीटा' नांवाचा गीतसंग्रह 2024 सालीं निघाला. त्यावर तो तासभर बोलूं शकतो.

"अगं, तें गाणं नव्हेच," तो म्हणाला. "ती दिवाळीची रोषणाई! तुमच्या मनगटांत दिवे बांधायचे आणि त्यांची कळ दुसऱ्यानं दाबायची. तुम्ही श्रोते कसले? माळेंतले दिवे तुम्ही."

"दादा, तूं तिथं होतास का?"

"असायला कशाला हवं? सगळं मोबाईलवर पाहिलं मी. जो तो हात वर करून मोबाईल धरून उभा. गाणं ऐकत होतं कोण?"

मुलगी गप्प झाली. तिनें ताकभात कालवला, चार घांस घेतले आणि ती उठून गेली. गोड बोलण्याच्या दिवसांत घरांत असें घडावें याचें वाईट वाटलें. परंतु त्याहून अधिक बोचलें तें निराळेंच. तें गप्प होणें माझ्या ओळखीचें होतें.

सन 2007 च्या मार्च महिन्याच्या 17 तारखेस बंगळुरास पॅलेस ग्राउंडवर 'आयर्न मेडन' या विख्यात इंग्रजी मंडळीचा जलसा झाला. हिंदुस्थानांतील त्यांचा तो पहिलाच. माझे चिरंजीव तेव्हां बाविशींत होते. मित्रांबरोबर ते पुण्याहून रेल्वेनें गेले व तिसऱ्या दिवशीं परतले. जागरणानें डोळे तांबारले होते, पण मुद्रा अशी उजळली होती, कीं जणुं परीक्षेंत पहिले आले आहेत. "बाबा, काय झालं तें सांगूं का?" असें त्यानें विचारलें. मीं वर्तमानपत्रांतून मान वर न करतां उत्तर दिलें, "गोंगाटाचं काय सांगणार आहेस?" तो हंसला आणि स्नानास गेला. त्यानंतर त्या रात्रीविषयीं त्यानें माझ्याजवळ चकार शब्द काढला नाहीं. 'सहृदय' या शब्दाचा अर्थ मीं आयुष्यभर फळ्यावर लिहून मुलांना समजावून दिला. घरांतील एका मुलाच्या बाबतींत तो शब्द मला लागू पडत नव्हता, हें ध्यानांत यावयास अठरा वर्षें लागलीं.

त्या रात्रीं झोंप येईना, म्हणून भरतमुनींचें नाट्यशास्त्र काढलें. त्याचा सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीविषयीं आहे. प्रयोग यशस्वी झाला हें कशावरून ओळखावें, या प्रश्नाचें उत्तर मुनि प्रेक्षकांकडे पाहून देतात. सिद्धि दोन प्रकारची: मानुषी आणि दैविकी. प्रेक्षक स्मित करतात, मोठ्यानें हंसतात, 'साधु' व 'अहो' असे उद्गार काढतात, अंगावर रोमांच येतात, आसनावरून उठतात, अंगावरचें वस्त्र काढून देतात, ही मानुषी सिद्धि. आणि रंगमंडप भरलेला असून जेथें आवाज नाहीं, क्षोभ नाहीं, उत्पात नाहीं, ती दैविकी. आमच्या पुतणीच्या जलशांत पहिली होतीच. भाच्याच्या दीडदोनशे माणसांच्या खोलींत तो शोधतो ती दुसरी. दोघेंही एकाच शास्त्रांतील दोन पायऱ्यांवर उभीं राहून भांडत होतीं.

मुनींनीं विघ्नांचीही वर्गवारी केली आहे. वारा, पाऊस, अग्नि यांपासून होणारें विघ्न दैवी. नटास विस्मरण होणें, मुकुट घसरणें हें त्याचें स्वतःचें. आणि मत्सरानें आरडाओरडा करणें, शेण व ढेंकळें फेंकणें हें इतरांकडून आलेलें. हा विवेक आजच्या जलशांसही लागू पडतो. बीटल्स ही जगद्विख्यात चौकडी 1965 च्या ऑगस्टच्या 15 तारखेस न्यूयॉर्कच्या शे क्रीडांगणावर गाइली, तेव्हां पंचावन्न हजारांहून अधिक श्रोते जमले होते. त्यांच्या किंकाळ्या एवढ्या मोठ्या, कीं गाणारांस आपलेंच गाणें धड ऐकूं येईना. पुढच्याच वर्षीं, 29 ऑगस्ट 1966 रोजीं, सॅन फ्रान्सिस्को येथें त्यांनीं तिकीट लावून केलेला शेवटचा जलसा झाला आणि त्यांचे दौरे कायमचे थांबले. येथें शेण कोणी फेंकलें नव्हतें. प्रेमानेंच गाणें बुडविलें. त्या संध्याकाळीं कोणी 'आज गाणें साधलें नाहीं' असें म्हटलें असेल, तर दोष कोणाच्या पदरीं घालावयाचा?

प्रत्यक्ष हजर असलेल्यांचें तरी एकमत होतें काय? याचें उत्तम उदाहरण बॉब डिलन यांचें. याच कवीस 2016 सालीं वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक मिळालें. 25 जुलै 1965 रोजीं अमेरिकेंतील न्यूपोर्ट येथील लोकसंगीताच्या उत्सवांत ते प्रथमच विजेवर चालणारी गिटार व साथीदार घेऊन उभे राहिले. तीन गाणीं झालीं आणि श्रोत्यांतून निषेधाचा गलका उठला. मग ते साधी गिटार घेऊन पुन्हा आले व आणखी दोन गाणीं गाइले. तो गलका कशाचा, यावर आज साठ वर्षें वाद चालू आहे. कोणी म्हणतात, लोकसंगीताचा आत्मा विजेच्या वाद्यांस विकला म्हणून. कोणी म्हणतात, ध्वनिक्षेपकाची व्यवस्था बिघडून शब्दच कळेनात म्हणून. कोणी म्हणतात, तीनच गाण्यांत आटोपतें घेतलें म्हणून. सर्व साक्षीदार प्रामाणिक. पण कोणी कोठें बसला होता आणि काय ऐकावयाच्या आशेनें आला होता, यावर साक्ष बदलली. पुढील वर्षीं 17 मे रोजीं मँचेस्टर येथें एका श्रोत्यानें तर त्यांना ख्रिस्ताशीं विश्वासघात करणाऱ्या शिष्याच्या नांवानें हांक मारली. त्या रात्रीचें ध्वनिमुद्रण 1998 सालीं अधिकृतपणें प्रसिद्ध झालें, आणि त्याच रात्रीं गाणें किती प्रखर झालें होतें हें जगानें ऐकलें.

आपल्याकडे हें नवें नाहीं. बालगंधर्व थोर कीं केशवराव भोसले थोर, यावर आमच्या आजोबांच्या पिढीनें ओट्याओट्यांवर रात्री जागविल्या. 8 जुलै 1921 रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईस दोघे एकाच रंगभूमीवर 'मानापमान' करावयास उभे राहिले. भैरवी संपली तरी वाद संपला नाहीं. आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत केशवराव गेले. आज त्या वादांतील एकही पक्षकार हयात नाहीं, पण त्या वादामुळेंच त्या रात्रीची आठवण आपल्यापर्यंत पोंचली. तात्पर्य, गाण्यानंतर मतें देणें ही टवाळी नव्हे. गाणें ऐकून होतांच हवेंत विरतें. तें मागें उरतें तें श्रोत्यांच्या बोलण्यांतच.

परंतु बोलणें नीट व्हावयास कांहीं पथ्यें हवींत. पहिलें असें, कीं ज्या रीतीचें गाणें, त्या रीतीनें तें ऐकावें. आपल्या बैठकींत राग दर वेळीं नव्यानें उलगडतो आणि श्रोता समेवर मान डोलावितो. रॉकची रीत निराळी. तेथें गाणें आधींच ठरलेलें व श्रोत्यास तोंडपाठ असतें. तो नवें ऐकावयास जात नाहीं, आपलें जुनें गाणें हजारांच्या मुखानें म्हणावयास जातो. कीर्तनांत गजर होतो तेव्हां कोणी 'सर्वांनींच म्हटलें, मग बुवांनीं काय केलें?' असें विचारीत नाहीं.

दुसरें पथ्य: गाणें आणि गैरसोय वेगळीं ठेवावीं. परतीची गाडी चुकली, पाण्याची बाटली महाग मिळाली, पुढें उंच माणूस उभा राहिला, या तक्रारी खऱ्या. पण त्यांचा निवाडा व्यवस्थापकाकडे, गायकाकडे नव्हे.

तिसरें पैशाविषयीं. कोल्डप्लेच्या या जलशांचीं तिकिटें 22 सप्टेंबर 2024 रोजीं विक्रीस निघालीं, तेव्हां लाखों माणसें संगणकावरील रांगेंत होतीं आणि बहुतेक विन्मुख परतलीं. ज्यानें भारी किंमत मोजली, त्यास 'कंटाळा आला' असें कबूल करवत नाहीं. ज्यास तिकीट मिळालें नाहीं, त्यास 'छान झालें असेल' असें म्हणवत नाहीं.

आणि चौथें, सर्वांत महत्त्वाचें. प्रेक्षकांचीं प्रकृति भिन्न असते, तरुण एका गोष्टीनें रमतात व वृद्ध दुसरीनें, हें मुनींनीं स्वच्छ सांगितलें आहे. मतभेद विकोपास गेला तर त्यांनीं प्राश्निक नेमावयास सांगितले: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि आणखीही कांहीं. प्रत्येकानें आपापल्या विषयापुरतेंच बोलावें. एकाच माणसानें सर्व गोष्टींचा निकाल लावावा असें त्या थोर ग्रंथांत कोठेंही नाहीं. मीं मात्र 2007 सालीं गाण्याचा एक सूरही न ऐकतां निकाल दिला होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतणी माजघरांत शेंगा सोलीत होती. मी जवळ जाऊन बसलों व म्हणालों, "काल तुझं सांगणं अर्धंच राहिलं. आतां सांग, मी ऐकतों."

"काका, तुम्हांला खरंच ऐकायचं आहे?" तिनें विचारलें. तिच्या स्वरांत संशय होता, आणि तो रास्त होता.

मग तिनें सांगितलें. एक गाणें रंगांत आलें असतां मंडळीनें तें मध्येंच थांबविलें, आणि मुख्य गायकानें विनंति केली, कीं हें एवढें गाणें मोबाईल खिशांत ठेवून ऐका. या दौऱ्यांत ठिकठिकाणीं ते असें करीत आले आहेत. तेंच गाणें पुन्हा पहिल्यापासून आरंभलें. "काका, सगळीकडचे हात रिकामे झाले. त्यापूर्वीं मी पडद्यावर बघत होतें. त्या पांच मिनिटांत मी पहिल्यांदा बाजूच्या माणसांचे चेहरे पाहिले. तें मोबाईलवर कुठं दिसणार? तेव्हांच तर मोबाईल नव्हते!"

दारांत भाचा उभा होता. तो केव्हां आला तें कळलें नाहीं. जरा वेळानें तो म्हणाला, "हें मला ठाऊक नव्हतं." आणि मग मान खालीं घालून, "त्या सप्टेंबरांत मी पण दुपारभर रांगेंत होतों गं. नंबरच लागला नाहीं."

मुलगी खदखदून हंसली. "म्हणजे कोल्ह्याला द्राक्षं आंबट!" मात्र तिनें त्यास तेवढ्यावर सोडलें नाहीं; तुझ्या त्या लहान खोलींत काय होतं तें सांग, म्हणून बसवून घेतलें. तो सांगूं लागला. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेंत कोणाचा पेला खालीं ठेवल्याचाही आवाज येतो, मग त्याचेंही भान येऊन माणसें अधिकच स्तब्ध होतात, असें तो म्हणाला. दैविकी सिद्धीचें याहून चांगलें भाष्य मीं कोणत्या टीकेंत वाचलें नव्हतें. पुढच्या खेपेस दोघेंही एकमेकांच्या जलशास जावयाचीं आहेत, असें ठरलें.

त्या रविवारीं चिरंजीवांचा परदेशाहून नेहमींप्रमाणें फोन आला. प्रकृति, हवा, नातवंडांची शाळा हें सर्व झाल्यावर मीं विचारलें, "बंगळुरास त्या रात्रीं काय झालं होतं रे?"

तिकडे बराच वेळ शांतता होती. "कधींचं विचारतां आहां, बाबा?"

"तूं सांगतों म्हणाला होतास तेंच."

तो पाऊण तास बोलला. आधीं दिल्लीची 'परिक्रमा' ही मंडळी गाइली, आपलीं माणसें त्या मंचावर पाहून ऊर कसा भरून आला. आणि नंतर गिटारची एक सुरावट, जिला शब्दच नाहींत, ती सारें मैदान एका आवाजांत कसें गाऊं लागलें, हें त्यानें सांगितलें. ती सुरावट त्यानें मला गुणगुणूनही दाखविली. ती मला कळली असें मी म्हणणार नाहीं. पण मीं ती शेवटपर्यंत ऐकली, आणि फोन ठेवण्यापूर्वीं "पुन्हा एकदां म्हण" असें म्हटलें.