फॉरमॅट मारण्याआधी

लालबागला आमच्या चाळीत गेल्या दसऱ्याला एक नवा लॅपटॉप आला. मुलगी इंजिनीअरिंगला गेली म्हणून वडिलांनी हप्त्यावर घेतलेला. झेंडूचं फूल वाहून, कुंकवाचं बोट लावून तो सुरू केला आणि दिवाळीच्या आत स्क्रीनवर आडवे पट्टे यायला लागले. मधेच सगळं जागच्या जागी थिजायचं. दुकानदार म्हणाला, "व्हायरस असेल, फॉरमॅट मारून देतो." दोनदा फॉरमॅट झालं, पट्टे तसेच. मग ती माझ्याकडे आली. "काका, नवी वस्तू अशी कशी बिघडेल? माझंच काही चुकलं का?"

तिचं काहीही चुकलेलं नव्हतं. नवी वस्तू बिघडत नाही, हा पहिला आणि सगळ्यात त्रासदायक गैरसमज, कारण त्यापायी घेणारा स्वतःलाच दोष देत बसतो. सैल राहिलेली केबल किंवा सदोष रॅम वापराच्या पहिल्या काही आठवड्यांतच डोकं वर काढते. त्यातून तरलेलं यंत्र पुढे बरीच वर्षं सुरळीत चालतं आणि जुनं झालं की पुन्हा कुरबुरायला लागतं. या आलेखाचा आकार न्हाणीतल्या टबासारखा दिसतो, म्हणून इंजिनीअर त्याला 'बाथटब कर्व्ह' म्हणतात.

दुसरा गैरसमज, स्क्रीन बिघडली की व्हायरस. व्हायरसचा धंदा लपून राहण्याचा. स्क्रीनवर पट्टे ओढून त्याला काय मिळणार? आणि दोष केबलमध्ये असेल तर फॉरमॅट मारून फक्त आपल्या फायली जातात.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं दिवाणावर लॅपटॉप घेऊन बसलो. पट्टे दिसताक्षणी तिला स्क्रीनशॉट घ्यायला सांगितला आणि तो तिच्या आईच्या फोनवर पाठवला. फोनवर चित्र स्वच्छ! म्हणजे लॅपटॉपच्या आत चित्र नीट तयार होत होतं, काचेपर्यंत येताना बिघडत होतं. स्क्रीनशॉटमध्येही पट्टे उमटले असते, तर संशय ग्राफिक्सवर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर गेला असता. मग झाकण हळूहळू मागे नेलं. अर्ध्यावर पट्टे गायब, जरा पुढे नेलं की परत हजर. स्क्रीनची केबल बिजागरीतून जाते, तिथेच ती दबत होती. खात्रीसाठी लॅपटॉप बंद करून, सुरू होताना एफ-२ दाबून बायोसमध्ये गेलो. (काही कंपन्यांची कळ वेगळी असते.) तिथे विंडोजही नसतं आणि विंडोजचा ड्रायव्हरही नसतो. पट्टे तिथेही होते. घरात टीव्ही असेल तर एचडीएमआय केबलने तोही जोडून बघावा. टीव्हीवर चित्र नितळ आणि लॅपटॉपवर पट्टे, म्हणजे पॅनल किंवा त्याची केबल.

स्क्रीन नुसती लुकलुकत असेल तर टास्क मॅनेजर उघडायचा. तोही सगळ्यांबरोबर लुकलुकला तर ड्रायव्हर, तो स्थिर राहिला तर एखादं ॲप. ही कसोटी खुद्द मायक्रोसॉफ्टने सांगितलेली आहे. चार्जर काढताक्षणी स्क्रीन एकदाच मिचकावते किंवा मंद होते, तो मात्र बहुधा बिघाड नसतो. बॅटरी वाचवायला काही लॅपटॉप उजेड आणि स्क्रीनचा रिफ्रेश रेट कमी करतात.

पट्टे आणि थिजणं ही एकच तक्रार, असंही आम्ही धरून चाललो होतो. तसं नव्हतं. लॅपटॉप पुन्हा अडकला तेव्हा कॅप्स लॉक दाबून बघितलं, दिवा लागत होता, विझत होता. म्हणजे यंत्र जिवंत, फक्त चित्र अडकलेलं. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्या. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि सगळं परत आलं. या कळांनी ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. कंपनीच्या साइटवरून नेमक्या त्या मॉडेलचा ड्रायव्हर घातला आणि थिजणं थांबलं. पट्टे राहिले, कारण तो दोषच निराळा.

"रॅम वाढवा" हा सल्ला ऐकून लगेच पैसे काढू नयेत. रॅम कमी पडली तर लॅपटॉप रेंगाळतो. सदोष रॅमने अडकतो किंवा निळी स्क्रीन दाखवतो, आणि ती तपासायची सोय विंडोजमध्येच फुकट आहे. पहिल्या दिवशी अपडेट चालू असताना येणारा संथपणा तर धरूच नये.

आमच्याकडे सगळ्याचं खापर विजेच्या चढउतारावर फुटतं. पण चार्जरवर बारीक अक्षरात १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तेवढा चढउतार तो सहज पचवतो. जुन्या चाळींत खरी उणीव अर्थिंगची. तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा जोड लावला की लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावताच मुंग्या येतात आणि टचपॅडवरचा बाण भरकटतो. चार्जर काढल्यावर बाण शहाण्यासारखा वागला, तर आधी वायरमनला बोलवा.

उरलं बिलावरचं ते वाक्य, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. ते वाचून माणसं दुकानाची पायरीही चढत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून फॉरमॅटच्या फेऱ्यांत दिवस घालवू नयेत. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. त्यानेही भागलं नाही तर दक्षिण आणि मध्य मुंबईचे ग्राहक आयोग परळच्या पुरवठा भवनात आहेत. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.

तिला तिथवर जावं लागलं नाही. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने जॉबशीटवर 'हँग होतो' एवढंच लिहिलं होतं. तिने झाकण मागेपुढे करतानाचा व्हिडिओ दाखवला आणि ते खोडून 'झाकणाच्या ठरावीक कोनात पट्टे, बायोसमध्येही' असं लिहून घेतलं, मगच सही केली. फॉरमॅटचं नावही कोणी काढलं नाही. वॉरंटीत केबल बदलून मिळाली.