गावकीची हलगी आणि ट्रेमेचा बँड

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या ट्रेमे या काळ्यांच्या वस्तीत एका रविवारी आम्ही जॅझच्या ब्रास बँडमागे निघालो. पुढे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन. मागे नाचणारी अख्खी वस्ती! ढोलाचा ठोका थेट छातीत. कोर्टाच्या पायऱ्या झिजवून थकलेले आमचे पायही ऐकेनात.

जवळच काँगो स्क्वेअर. १८१७ च्या हुकुमाने गुलामांना फक्त रविवारी, ठरल्या जागीच जमता येई. त्यांनी तिथेच आपला ढोल जिवंत ठेवला.

बाबासाहेबांच्या हाकेसरशी आमच्या बापजाद्यांनी गावकीची हलगी टाकली. योग्यच केले, ती बिगार होती. इथला ढोलवाला मात्र कुणाच्या दारात उभा नव्हता. घामाने निथळत तो आपल्याच माणसांसाठी वाजवत होता. चौकात बँड क्षणभर थांबला. आम्ही धापा टाकत होतो. ट्रम्पेट पुन्हा कडाडला, आम्ही पुन्हा गर्दीत!