इंजिनाचा धूर आणि वनस्पतींचे तेल

हर्सूलच्या शिवारात विहीर उपसताना डिझेल इंजिनाचा काळा धूर ज्याने डोळ्यांत घेतला आहे, त्यास वनस्पतींच्या तेलावर इंजिन चालते ही वार्ता गोड वाटणे साहजिक आहे. तथापि धूर कमी दिसला म्हणजे अपाय सरला असे नव्हे, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

कल्पना जुनीच आहे. सन १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. परंतु घाण्यावरचे तेल डिझेलहून सुमारे दहापट दाट असते. त्याचा फवारा बारीक उडत नाही, नोझलवर काजळी धरते व कालांतराने इंजिन बिघडते. म्हणून कारखान्यात मिथेनॉल व अल्कली यांच्या योगे तेलातील ग्लिसरीन वेगळे काढतात. उरणारे पातळ इंधन ते बायोडिझेल. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही असल्याने हा प्रयोग घरी करू नये.

बायोडिझेलमध्ये वजनाने सुमारे ११ टक्के प्राणवायू असतो, त्यामुळे ज्वलन अधिक पूर्ण होते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००२ साली मोठ्या वाहनांच्या इंजिनांवरील प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले. सोयाबीनचे बायोडिझेल २० टक्के मिसळले असता धुरातील कण सुमारे १० टक्के, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के व न जळालेले हायड्रोकार्बन २१ टक्के घटले. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र २ टक्के वाढली. निव्वळ बायोडिझेलवर कण जवळजवळ निम्मे होतात, पण ही ऑक्साइडे सुमारे १० टक्के वाढतात. ती धुराप्रमाणे नजरेस येत नाहीत, तरी श्वासनलिकेस जाचतात. पंपाच्या इंजिनात हे आकडे थोडेफार निराळे येतील.

खाण्याचे तेल जाळणे कोणासही रुचणार नाही. बांधावरील करंजाचे तेल कडू व अखाद्य असल्याने त्याचा विचार अधिक योग्य होय. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे.

तोपर्यंत शेतकरी बंधूंनी एवढे करावे. इंजिन बंद खोलीत चालवू नये व धुराची नळी बाहेर काढावी, कारण डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच दिला आहे. काळा धूर वाढल्यास आधी हवेची जाळी व नोझल तपासावे. बायोडिझेल घ्यावयाचे तर प्रमाणित घ्यावे, इंजिनाच्या कारखानदाराने सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावे, आणि टाकीतील जुना गाळ सुटून येत असल्याने इंधनाची गाळणी आरंभी वरचेवर पाहावी. इंधन बदलले तरी ही दक्षता सुटत नाही.